दारातला धोंडा

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरापलीकडच्या एका गावात घंटा ओतणारा एक ओतारी होता. त्याच्या घंटेचा नाद कानी पडला की वाटसरू जागीच थबकायचा.

कारखान्याच्या दारात एक भलाथोरला धोंडा होता. तो छातीपर्यंत उचलेल त्यालाच आत काम, हा आजोबांपासूनचा रिवाज. बाई-पुरुष, जातपात बघून कुणाला काम नाकारायचं नाही, असा त्या राज्याच्या राणीचा कायदा होता. ओतारी ऐटीत म्हणे, "मी कुठं काय बघतो? धोंडा सगळ्यांना सारखाच!" आत मात्र सगळे दांडगे बाप्येच.

एके दिवशी एक कुंभारीण आली. नवरा वारलेला, पदरी लहान लेकरं. काम मिळालं नाही तर गाव सोडायची पाळी. तिनं धोंड्याला हात घातला, जीव खाऊन ओढला. धोंडा ढिम्म.

"नियम म्हणजे नियम, बाई," ओतारी म्हणाला.

"खरंय, मालक. पण मी साच्याची माती मळायला आलेय. आत हा धोंडा कोण उचलतं?"

ओतारी हसला आणि आत वळला. बाई डोळे पुसत निघून गेली.

तो प्रश्न काही त्याचा पिच्छा सोडेना. दुसऱ्या सकाळी, कुणी यायच्या आत, त्यानं स्वतःच धोंडा उचलून पाहिला. कंबरेत कळ आली, पण धोंडा हलला नाही. ओतारी मटकन खाली बसला. आपल्याच नियमानं आपण बाहेर! आणि तरी आपल्या हातची घंटा तर कालच खणखणीत वाजली होती. मग या धोंड्यानं असे किती हात दारातूनच परत धाडले असतील? 

तो तसाच धावत सुटला. बाई बोचकं आणि लेकरं घेऊन वेशीपाशी पोचली होती.

"पोरी, चुकलो मी," तो धापा टाकत म्हणाला. "चल, माती वाट बघतेय."

त्या वर्षी राणीची थोरली घंटा ओतली गेली. साचा कुंभारणीच्या मातीचा. पहिला टोल पडला आणि सगळं गाव स्तब्ध झालं. नाद डोंगरावर गेला, पार नदीपल्याड गेला, तरी थांबेना. घंटा ऐकायला आलेल्या राणीनं नकळत हात जोडले.  इतका खोल नाद ओताऱ्यानं जन्मात ऐकला नव्हता.

"हा नाद मी दारातच अडवला होता," तो पुटपुटला.

मग सगळ्यांनी मिळून तो धोंडा दारातून उचलला आणि घंटेच्या मनोऱ्याची पहिली पायरी केली. तिच्यावर पहिला पाय कुंभारणीच्या लेकरांनी ठेवला.

तात्पर्य: नियम सगळ्यांना सारखा असला म्हणजे न्याय झाला असं नाही; ज्या अटीचा कामाशी संबंध नाही, ती अट म्हणजे दारात टाकलेला धोंडाच.