सारसाची अंडी आणि राजाच्या पखाली

पूर्वी वेणुमती नगरीत अरिंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या वनात हरिणांचा नायक म्हणून जन्मला होता. तीन वर्षे अवर्षण पडले, तेव्हा राजाने वनातील प्राण्यांसाठी रोज बैलांवरून वीस पखाली पाणी धाडण्याची आज्ञा केली. मात्र जुना प्रघात असा, की ज्याची आकृती नगरद्वारावर कोरलेली, त्यालाच राजाचे दान मिळे. द्वारावर हरिण होते. म्हणून वनपाल धनुक सगळ्या पखाली हरिणांच्या कुंडात रित्या करी.

शेजारच्या दलदलीत दीर्घकंठ नावाच्या सारसाची मादी पाण्याने वेढलेल्या घरट्यात दोन अंडी उबवीत होती. वनात सारसांची तेवढीच जोडी उरली होती. पाणी आटत होते आणि काठावर कोल्हे वाट पाहत बसले होते. कुंडात पडणाऱ्या धारेचा आवाज दीर्घकंठाला सोसवेना. डोळे टपोरे असले की राजालाही पाझर फुटतो, असे तो मादीला ऐकवी. अखेर एका पहाटे त्याने कुंडाचा तळ ढवळून काढला. त्यात आपला थेंबभरही लाभ नाही, हे तो जाणत होता. हरिणांनाही मिळू नये, एवढेच त्याला हवे होते.

गढूळ पाणी पाहून धनुक संतापला आणि पखाली बंद करण्याची भाषा करू लागला. काठावर तीन लांब बोटांचे ठसे होते. बोधिसत्त्वाने ते ओळखले आणि पुढे सरून तो नेमका त्यांवर उभा राहिला.

"दोष नायकाचा समज," तो म्हणाला. "पण दान आमचे असेल, तर ते कोणाला द्यावे हेही आमच्याच हाती. उद्यापासून पखाली दलदलीत ओत."

"आणि आम्ही काय त्या चोचवाल्याच्या उष्ट्याची वाट पाहायची?" एका हरिणीने विचारले.

"नदी योजनभर दूर आहे, बाई. आपल्याला पाय आहेत, अंड्यांना नाहीत."

कळप निघाला. वाटेत दोन वृद्ध हरिणे पडली.

दलदल भरली, तरी दीर्घकंठ सुखावला नाही. आता त्याला हरिणाच्या मोठेपणाचा हेवा वाटू लागला. पिले अंड्यांतून बाहेर आली, त्या दिवशी तो कोरड्या कुंडाकडे गेला. वाळलेल्या चिखलात त्याच्या पावलांच्या ठशांवर हरिणाचे खूर उमटले होते. आपला अपराध हरिणाने झाकला होता, हे त्याला तिथे उमगले. पुढे त्याने कोणाचा वाटा मोजला नाही.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "त्या वेळचा दीर्घकंठ म्हणजे सोबत्याच्या चीवराकडे पाहून झुरणारा हा भिक्षू सुयाम, धनुक म्हणजे अन्न वाटणारा भिक्षू उपसेन, आणि हरिणांचा नायक मीच होतो." मान्य झालेला आपला हक्क अधिक गरजवंतासाठी सोडणे, हीच येथे सांगितलेली दानपारमिता होय.