बकुळेच्या दह्याचं विरजण

एक होता राजा, आणि त्याची लेक होती बकुळा. तिला दहीभाताशिवाय घास उतरायचा नाही. आपल्याकडेही आहे हं असं कुणीतरी, नाव नाही घेत मी.

तिचे दोन मामा राजाकडेच राहायचे. थोरले देवघर सांभाळायचे, धाकटे गच्चीवरून तारे बघायचे. एकदा काय झालं, जेवता जेवता बकुळेनं विचारलं, "कालच्या दह्यानं आजचं दही लागतं. मग अगदी पहिलं दही कशानं लागलं? आणि हे जग कशानं लागलं?"

थोरले म्हणाले, देवाला एकट्याला करमेना, म्हणून त्यानं जग मांडलं. धाकटे म्हणाले, छे, सगळं मोहरीएवढ्या ठिपक्यात दाटून तापलेलं होतं. ते फुगत गेलं, अजून फुगतंय. मग काय, जुंपली. आधी बोलणं बंद झालं, मग पंगत वेगळी झाली, मग दोघांनीही भाचीला बजावलं, त्याच्याकडे गेलीस तर माझ्याकडे यायचं नाही. पोर रडकुंडीला आली. तिला दोघेही हवे होते.

आता राणीच्या माहेराहून आलेलं विरजण मामांनीच राखायचं, अशी तिथली रीत, बरं का. रागाच्या भरात थोरल्यांना वाटलं धाकट्यानं ठेवलं असेल, धाकट्यांना वाटलं दादांनी. भांडं चाटूनपुसून रिकामं. बकुळा उपाशी बसली.

मग थोरल्यांनी दुधापुढे हात जोडले. दूध दूधच राहिलं. मग धाकट्यांनी, विरजण नसलं तर देठांनीही दही लागतं म्हणून, कोमट दुधात मिरचीचे देठ टाकले, पण लागलं का, लागलं का, म्हणत सारखे झाकण काढून भांडं हलवायचे. कसलं लागतंय.

मग बकुळेनं दोघांना हाताला धरून चुलीपाशी बसवलं. धाकट्यांनी देठ टाकले. थोरले जप करत भांड्याच्या राखणीला बसले, कुणाला हात लावू देईनात. संध्याकाळी झाकण काढलं, तर घट्ट दही.

एक म्हणे देवानं लावलं, एक म्हणे देठांनी. झालं, पुन्हा सुरू. तेव्हा बकुळेनं विचारलं, "मामा, ठिपक्याच्या आधी काय होतं?"

"ते माहीत नाही गं. शोधतोय," धाकटे म्हणाले.

"आणि देव एकटाच का होता?"

"ते मलाही ठाऊक नाही, बाळ," थोरले म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनाही हसू फुटलं. मला इथे फार बरं वाटतं बाई. मग तिघं एका ताटात जेवली. त्याआधी बकुळेनं चमचाभर दही उद्यासाठी बाजूला काढलं. ते विरजण पुढे कधी संपलं नाही, आणि तिघं सुखानं नांदली.

आता तुमचा उद्याचा दिवस लागतोय. घालते पांघरूण. हलायचं नाही, झाकण काढून बघायचं नाही. झोपा.