बेचाळिसावी पोथी

ही गोष्ट फार जुन्या काळची आहे. तेव्हा पोथ्या हाताने लिहीत आणि एक पोथी पुरी व्हायला अख्खा हिवाळा नि वर अर्धा उन्हाळा लागे. लहानांनो, नीट ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका.

दोन डोंगरांच्या मध्ये एक गाव होतं. एकदा प्रवासात असलेली एक राणी तिथे तापाने आजारी पडली. गावाने तिला महिनाभर पेज पाजली, कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, रात्री जागवल्या. राणी बरी झाली. निघताना म्हणाली, "तुमच्याकडे माया खूप आहे. पण माझ्या तापाचं औषध कुणाला ठाऊक असतं, तर मी चार दिवसांत उठले असते."

वर्षभराने तिने गावाला दगडी पोथीघर बांधून दिलं. आत चारशे पोथ्या होत्या. बियाणं कसं राखावं, विहीर कुठे खणावी, अडलेली गाय कशी सोडवावी, तापावर काय द्यावं, सगळं त्यांत होतं. आत काय आहे हे कुणाला विचारावं लागू नये म्हणून तिने चारशेच्या चारशे नावं बाहेरच्या भिंतीवर कोरून घेतली. दाराला तिने कडी लावली होती. कुलूप लावलं नव्हतं.

राणी गेली. राणीचा काळही गेला. आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनी, वडीलधारे जे नेहमी करतात, ते केलं. नियम केले.

एका पोथीवर तेल सांडलं, तेव्हा नियम झाला की पोथी घरी न्यायची नाही. एका पोराने पान फाडलं, तेव्हा ठरलं की पोरांना आत घ्यायचं नाही. पुढे एक पोथी जागेवर सापडेना, तेव्हा दाराला एक सोडून तीन कुलपं लागली आणि किल्ल्या तीन घरांत गेल्या. तिन्ही किल्ल्या एकत्र आल्याशिवाय दार उघडणार नाही, असं ठरलं. दार वर्षातून एकदा, दसऱ्याला उघडू लागलं. लाल फडक्यांत बांधलेल्या पोथ्यांवर हळदकुंकू वाहायचं, फुलं घालायची, आरती म्हणायची, की पुन्हा कुलपं. फडकं सोडून आत पाहणं हा पोथीचा अपमान मानला जाऊ लागला. पाहुणे आले की गावकरी त्यांना भिंत दाखवत आणि म्हणत, "आमच्या गावात चारशे पोथ्या आहेत!" पाहुणे माना डोलवत.

या गावात भिवरा नावाची मेंढपाळाची मुलगी होती. बाप गेला होता. घरात आई, ती आणि तीस मेंढ्या. वयाने अठरा, जिभेने तिखट. ती वाचायला शिकली ती त्या भिंतीवरूनच. पोथीघराचं अंगण झाडणारे म्हातारे गुरवतात्या तिला लहानपणी एकेक अक्षर बोटाने दाखवत. त्यामुळे चारशे नावं तिला पाठ होती. आत काय आहे ते तिला माहीत होतं. आत काय लिहिलंय ते कुणालाच माहीत नव्हतं.

एका सकाळी तिची एक मेंढी गोल गोल फिरू लागली. तोंडाला फेस आला, पाय दुमडले आणि दुपारपर्यंत ती मेली. संध्याकाळी आणखी दोघींच्या तोंडाला फेस दिसला.

भिवराची आई कपाळाला हात लावून बसली. "कळप गेला की आपण गेलो गं पोरी. मेंढ्यांशिवाय आहे काय आपल्याकडे?"

"भिंतीवर बेचाळिसावं नाव काय आहे, आई?" भिवराने विचारलं. "'मेंढ्यांचे रोग व त्यांवरील उपाय'. औषध हाकेच्या अंतरावर आहे." आणि ती पळत सुटली.

एक किल्ली पाटीलबाबांकडे होती. ते ओसरीवर सुपारी कातरत होते.

"दसऱ्याला ये," ते म्हणाले.

"दसऱ्याला दोन महिने आहेत, पाटीलबाबा. मेंढ्या काय मुहूर्त बघून मरतायत?"

"जीभ आवर. दार मी एकटा उघडू शकतो का? शास्त्र्यांना विचार. आणि मी विचारायला लावलं असं सांगू नकोस."

कारण पाटीलबाबा आणि शास्त्रीबुवा अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दसऱ्याची पहिली आरती कोणाची, यावरून त्यांचं वाजलं होतं.

शास्त्रीबुवांकडे दुसरी किल्ली. ते म्हणाले, "पाटलांनी बोलावलं तर विचार करू."

"ते म्हणतात तुम्हाला विचार."

"मग त्यांनी येऊन विचारावं."

तिसरी किल्ली गुरवतात्यांकडे. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणजे सोयीपुरतं. भिवराने पोथीचं नाव घेताच त्यांच्या हातातला झाडू थांबला. मग ते मान खाली घालून म्हणाले, "काय म्हणतेस? ऐकू येत नाही, बाळ." आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडू लागले.

नऊ दिवस भिवरा या तीन दारांमध्ये धावत होती. या घरातून निरोप, त्या घरातून नकार. मेंढी रोज एक तरी मरत होती.

दहाव्या दिवशी भिवराने उरलेला कळप सोडला आणि हाकत हाकत थेट पोथीघराच्या अंगणात आणला. फेसाळलेल्या, झोकांड्या खाणाऱ्या मेंढ्या पायऱ्यांवर बसल्या. एकीने तर उंबऱ्यावरच लेंड्या टाकल्या.

गावात ओरडा झाला. पाटीलबाबा धावत आले, शास्त्रीबुवा धोतर सावरत आले, मागून गुरवतात्या आले.

"अगं हाकल! हाकल ती मेंढरं! हे पवित्र स्थान आहे!" शास्त्रीबुवा किंचाळले.

"किल्ल्या लावा, हाकलते."

"मोठ्यांशी असं बोलतात?"

"नऊ दिवस गोड बोलले, बुवा. पोथी मेंढ्यांकडे येईना, म्हणून मेंढ्या पोथीकडे आल्या."

जमलेल्या बायकांत खसखस पिकली. पाटीलबाबा आकाशाकडे बघत म्हणाले, "कुणीतरी कुणालातरी सांगा, मी किल्ली आणली आहे." शास्त्रीबुवा खांबाकडे बघत म्हणाले, "खांबाला सांगा, मीही आणली आहे." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, दसऱ्यावाचून नि आरतीवाचून, तीन कुलपं उघडली.

आत कोंदट वास होता. फडताळांवर लाल फडक्यांतल्या पोथ्या ओळीने मांडल्या होत्या आणि त्यांवर वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवाचा जाड थर होता. भिवरा मोजत पुढे गेली. एक्केचाळीस. त्रेचाळीस. मधली जागा रिकामी होती.

तिने त्रेचाळिसावी उचलली आणि फडकं सोडलं. आतून पोथी निघाली नाही, भुसा निघाला. वाळवीने सगळं खाऊन टाकलं होतं. पोथीचा आकार तेवढा हळदकुंकवाने धरून ठेवला होता. तिने दुसरी सोडली, तिसरी सोडली. काहींत भुसा होता, काहींची पानं ओल्या फुलांनी सडून एकमेकांत रुतली होती. शास्त्रीबुवांनी मूठभर भुसा हातात घेतला आणि ते म्हाताऱ्या माणसासारखे, अगदी आवाज न करता रडले.

पाटीलबाबांना राग काढायला कुणीतरी हवं होतं. "चोरीला गेलेली पोथी ती हीच होती तर! पलीकडच्या खोऱ्यातल्या एका बाईने चोरली. माझ्या वडिलांच्या वेळची गोष्ट. तेव्हापासूनच कुलपं लावलीत आपण!"

"चोरी झाली नव्हती," गुरवतात्या म्हणाले.

सगळे वळले. म्हाताऱ्याला सगळं नीट ऐकू येत होतं.

"मी दिली होती. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. साळू नाव होतं तिचं. तिच्या मेंढ्या मरत होत्या, म्हणून मी पोथी काढून दिली. चार महिन्यांत आणते म्हणाली. पण त्याआधीच जागा रिकामी दिसली, चोर चोर झालं, कुलपं आली. साळू पोथी घेऊन परत आली होती, पाटील. या अंगणात उभी होती. मी घाबरलो. तिला म्हणालो, 'निघून जा, आणि माझं नाव घेऊ नकोस.' पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. मी पुन्हा तेच सांगितलं."

"आणि नऊ दिवस मला ऐकू येत नाही म्हणालात," भिवरा म्हणाली.

"हो," ते म्हणाले. एवढंच.

भिवराने मेंढ्या आईकडे सोपवल्या आणि त्याच पावली डोंगराची वाट धरली.

खिंड ओलांडून ती पलीकडच्या खोऱ्यात, विचारत विचारत साळूच्या घरी पोहोचली. साळू कधीच वारली होती. तिची सून आता स्वतःच म्हातारी झाली होती. भिवराने पोथीचं नाव काढताच ती उठली आणि चुलीजवळच्या कोनाड्यातून पोथी घेऊन आली. पोथी धुराने काळवंडली होती. कडा दोऱ्याने शिवल्या होत्या, पानांवर तेलाचे नि अंगठ्यांचे डाग होते. पण पानन् पान वाचता येत होतं.

"सासूबाई दोनदा गेल्या होत्या परत करायला. तुमच्या लोकांनी घेतली नाही. मग त्या म्हणाल्या, कुणी मागायला येईल तेव्हा देऊ. तोवर वापरू."

भिवराने फेसाच्या रोगाचं पान काढलं. मूळ अक्षरांत लिहिलं होतं की अमुक पाल्याचा वाटीभर रस पाजावा. त्याखाली दुसऱ्या कुणाच्या अक्षरात होतं, 'वाटीभर फार होतो. आमच्या दोन मेल्या. चमचाभरच द्या.' त्याखाली तिसरं अक्षर होतं, 'सकाळी उपाशीपोटी दिला तर लवकर उतरतो.' प्रत्येक पानाच्या समासात अशा ओळी होत्या. पाच-सहा गावांच्या मेंढपाळांनी पोथी नेली होती, वापरली होती आणि स्वतःचं काहीतरी तिच्यात टाकून परत आणली होती.

पोथी कुलपात राहून वाळवीतून वाचली असती आणि भिवराने ती वाचून वाटीभर रस पाजला असता, तर तिने आपल्याच हाताने कळप मारला असता.

"ने," सून म्हणाली. "आमच्यात एकच रीत आहे. काय लागू पडलं, काय चुकलं, ते एका ओळीत लिहायचं. खरं लिहायचं. आणि परत आणून द्यायची, पुढचा वाट बघत असतो."

दुसऱ्या दिवशी भिवरा गावात परतली. तोवर बारा मेंढ्या गेल्या होत्या. तिने आणि आईने पाला वाटला, उपाशीपोटी चमचा-चमचा रस पाजला. तिसऱ्या दिवशी एकीने उभं राहून गवत ओढलं. उरलेल्या अठराच्या अठरा वाचल्या.

मग काय विचारता! पोथी परत आली म्हणून गावाने हलगी आणली, पाटीलबाबांनी नवं रेशमी फडकं आणलं. ते म्हणाले, "आण ती पोथी. आज पूजा करून जागेवर ठेवू."

"मी परत करायचं कबूल करून आणली आहे."

"अगं, पोथी आपली आहे!"

"आपली होती तेव्हा आपल्याला ती नको होती. मी नक्कल करून घेईन, मग ती पुढच्या माणसाकडे जाईल. आणि त्याआधी मला माझी ओळ लिहायची आहे."

तिने अंगणातच बसून लिहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "पहिली मेंढी रोगाने मेली. पुढच्या अकरा मेंढ्या कुलपांनी मारल्या."

हलगी थांबली.

"खोड ते," पाटीलबाबा म्हणाले. "ही पोथी गावोगाव फिरणार. आमची नाचक्की करतेस?"

"खोटं काय लिहिलंय ते दाखवा, खोडते."

पाटीलबाबांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांनीही त्यांच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात गुरवतात्या काठी टेकत पुढे आले. "भिवरे, त्याखाली माझं नाव घाल. लिही, की एकाला सगळं ठाऊक होतं आणि तो भीतीने गप्प बसला. पुढच्या कुणाला उपयोगी पडेल."

भिवराची लेखणी क्षणभर अडखळली. मग तिने तेही लिहिलं. खरं लिहायचं, अशी रीत होती.

पाटीलबाबा पुढे झाले, पायरीवर किल्ली ठेवून घरी गेले. माफी त्यांनी मागितली नाही. किल्ली मात्र परत नेली नाही.

पुढे भिवराने आणि गावातल्या पोरीबाळींनी बसून सडलेल्या पोथ्यांची पानं वाफेवर धरून एकेक सोडवली. शास्त्रीबुवा त्यांना पुसट झालेली अक्षरं लावून देत. चारशेंपैकी, बेचाळिसावी सोडून, एकोणतीस पोथ्या हाती लागल्या. त्या घरोघर जाऊ लागल्या, मळू लागल्या, समासांत भरू लागल्या. उरलेल्या तीनशे सत्तर पोथ्यांत काय होतं, कुठल्या तापाचं औषध होतं, कुठल्या विहिरीची खूण होती, ते त्या गावाला कधीच कळलं नाही. तुम्हाआम्हालाही कळणार नाही.

बोध: सगळ्यांसाठी असलेलं ज्ञान सगळ्यांच्या हातांत मळू द्यावं, कुलपात जपलेलं ज्ञान वाळवीच्याच उपयोगी पडतं.