तीव्र की गंभीर?

चाचे चिमाराणीची बंदरं जाळत सुटले होते, आणि मदतीला आलेले सात राजे तिच्याच वाड्यात शब्दांवरून भांडत बसले होते. ठरावात ‘तीव्र चिंता’ लिहायची की ‘गंभीर चिंता’? अध्यक्ष सम्राट प्रचंडसेन मिशीला पीळ देत म्हणाले, “शब्दावर एकमत झाल्याशिवाय एकही जहाज हलणार नाही!”

दुपारी राणीनं झकास पंगत मांडली. पुरणपोळीवर तुपाची धार पडली. सम्राटांचा हात पानाकडे गेला, तोच राणी म्हणाली, “थांबा महाराज! यजमानीण ‘सावकाश होऊ द्या’ म्हणेपर्यंत कुणी जेवायचं नाही, ही आमची रीत. आणि त्याआधी एवढं ठरवा, आपली भूक तीव्र की गंभीर?”

कुणी तीव्र म्हणालं, कुणी गंभीर. तूप थिजायला लागलं. शेवटी सम्राट कडाडले, “अहो, भुकेला नाव कसलं विचारता? आधी जेवू द्या, नाव मागाहून द्या!”

“अगदी माझ्या मनातलं बोललात! मग आधी जहाजं पाठवा, चिंतेला नाव मागाहून द्या.”

सारी पंगत खदखदून हसली. सम्राटांनी एकवार पोळीकडे पाहिलं आणि आरमाराला निघायचा हुकूम सोडला.

तेव्हा कुठे राणीनं हात जोडले. “आता मात्र सावकाश होऊ द्या!”