रित्या वाडग्याची झाप

गावाच्या वरच्या अंगाला लिंबाची झाडं संपली की माळ सुरू होतो. तिथं तुम्हाला मेंढरं कोंडायचं एक दगडी वाडगं दिसेल. कमरेएवढा गडगा, त्यावर बोराटीच्या फांद्या आणि तोंडाला दार म्हणून काट्यांची झाप. आत डोकावाल तर काही नाही. शेळी नाही, मेंढी नाही, मूठभर लेंड्यासुद्धा नाहीत. तरी झाप बांधलेली असते, आणि अशी की ओढून बघा, हलायची नाही. नवखा माणूस हमखास विचारतो, "रिकामंच तर आहे, मग बांधलंय कशाला?" विचारावंच. ते न विचारता जो परत गेला त्याला आमचं गाव निम्मंच दिसलं.

फार जुनी गोष्ट. तेव्हा गाव नव्हतं, मेंढपाळांची चार खोपटी होती म्हणे. त्यातलं एक मायाप्पाचं. मायाप्पा मेंढरं घेऊन लांबच्या रानात जायचा, पुष्कळदा वस्तीलाही तिकडंच. घरी त्याची बायको धुरपा, सहा वर्षांची लेक सगुणा आणि नुकता बसायला लागलेला बिरू. धुरपा कामाला वाघीण होती, पण लेकीपुढं लोणी.

सगुणाला मोठ्या माणसासारखं काम हवं असायचं. ती अंगण झाडायची, शेण्या आणून चुलीपाशी रचायची, आणि दिवस कलला की कोकरं वाडग्यात घालून झाप बांधायची. हे शेवटचं काम तिला फार मोलाचं वाटायचं, कारण ते खरं होतं. माळावर लांडगे होते, आणि कोकरं म्हणजे त्या घराचं पुढचं वर्ष.

धुरपा प्रत्येक कामाला "शाबास माझी वाघीण" म्हणायची. मग पोरगी पाठमोरी झाली की राहिलेला कचरा गुपचूप काढायची, शेण्या पुन्हा रचायची, आणि पाण्याला जाताजाता झापेची गाठ आवळून टाकायची. अंबाडीचा दोर खांबाला गुंडाळून, टोक खालून घालून, अंगातला सगळा जोर लावून ओढावा लागतो, तेव्हा गाठ बसते. सगुणा गुंडाळायची बरोबर, घालायचीही बरोबर. ओढणं तेवढं तिच्या हातात नव्हतं. गाठ दिसायला गाठ असायची, धक्का दिला की सुटायची. हे सगुणाला ठाऊकच नव्हतं.

ठाऊक होतं ते शेजारच्या तुळसाला. दुसऱ्याच्या अंगणात काय चाललंय ते बघितल्याशिवाय तुळसाला घास गिळवायचा नाही. अशी एक बाई प्रत्येक वस्तीत असते, आणि असावी.

"धुरपे, झाप पोरगी बांधती का तू?" तिनं एकदा विचारलंच.

"तीच बांधती की. मी आपली नुसती आवळते."

"मग तिला दाव, कुठं ढिली राहती ती."

"हिरमुसंल गं. एवढुशी तर हाय. आता कुठं कामाची गोडी लागलीया."

"तुज्या शाबासकीला लांडगा भितो व्हय?"

धुरपा हसली. "तुला दुसरं काम न्हाई," म्हणाली, आणि गेली पाण्याला. जाताना गाठ आवळली.

त्या साली थंडी फार पडली. भुकेलेले लांडगे दिवस मावळायच्या आतच वस्तीच्या आसपास फिरायला लागले होते. मायाप्पा रानात. एक गाभण मेंढी त्यानं घरी ठेवली होती, ती चरत चरत ओढ्याकडं उतरली आणि तिथंच विताना अडली. तिचं ओरडणं कानावर आलं तशी धुरपानं बिरूला उचललं आणि वाडग्यात कोकरांच्या उबेला नेऊन ठेवलं. बाहेर जायचं झालं की ती त्याला तिथंच ठेवायची. चारी बाजूंनी काटे, त्याहून सुरक्षित जागा त्या माळावर दुसरी नव्हती.

"सगे, मी वड्याला चालले! ऱ्हायलेली कोकरं आत घाल आन् झाप बांध. बिरू आत हाय गं!"

"व्हय आई, बांधते!"

धुरपा पळत सुटली. काहीजण सांगतात, गाठीचं तिच्या ध्यानातच आलं नाही. काही म्हणतात, अर्ध्या वाटेत आलं आणि ती क्षणभर थांबलीही, पण मेंढी पुन्हा ओरडली. खरं काय ते तिनं कधी सांगितलं नाही.

सगुणानं कोकरं आत घातली, झाप लावली, दोर गुंडाळला, टोक खालून घातलं आणि मोठ्या माणसासारखी गाठीवर थाप मारली. मग अंगण झाडायला घेतलं.

लांडगा खालच्या अंगानं आला म्हणे. त्यानं नुसतं डोकं लावलं, आणि झाप पडली.

धुरपा खांद्यावर ओलं कोकरू घेऊन चढण चढून आली तेव्हा माणसं काठ्या घेऊन डोंगराकडं धावत होती. तुळसा सगुणाला पोटाशी घट्ट धरून बसली होती. वाडगं सताड उघडं. लोकांना वरच्या खिंडीत बिरूचं टोपडं सापडलं. बाकी काही नाही.

"आई, मी बांधली व्हती," सगुणा म्हणत होती. "रोज बांधते तश्शीच बांधली व्हती."

मायाप्पा दुसऱ्या दिवशी आला. त्यानं एवढंच विचारलं, "झाप कुणी बांधली?" सगळ्यांच्या नजरा त्या पोरीवर गेल्या. धुरपानंही तिकडंच बघितलं. मायाप्पानं लेकीला मारलं नाही. त्यानं तिच्याकडं बघायचंच सोडलं. येणारेजाणारे हळहळायचे आणि पोरीला ऐकू जाईल असं बोलायचे, "हिनंच भाऊ घालवला."

तेव्हापासून सगुणा हातात काही धरेना. तांब्या दिला तर पडू द्यायची. केरसुणीकडं बघायची नाही. दोन्ही हात काखेत घालून खांबाला टेकून बसायची. भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला तरच खायची. पुढं पुढं तोंडही उघडेना. हातांच्या वाळून काटक्या झाल्या. धुरपा बघत होती आणि गप्प होती.

शेवटी तुळसा तिच्या दारात येऊन उभी राहिली. "धुरपे, तू सांगतीस का मी सांगू?"

"सांगितलं तर त्यो मला नांदवायचा न्हाई."

"न्हाई नांदवलं तर माज्या खोपटात ये. एक लेकरू गेलं. दुसरं तुज्या डोळ्यांदेखत चाललंय. ते तरी धर, बये."

धुरपा उठली. मायाप्पा आणि चार माणसं अंगणात बसली होती, त्यांच्यासमोर ती लेकीपुढं जाऊन बसली. बोलली मात्र लेकीशीच.

"सगे, तुजी गाठ रोजच ढिली असायची. तुजी पाठ फिरली की मी जाऊन आवळायची. तुला कधी कळू दिलं न्हाई. त्या दिवशी मी आवळली न्हाई, म्हणून सुटली. तुजा काय दोष न्हाई."

लोकांना वाटलं, आता पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. सगुणानं मान वर करून आईकडं बघितलं. मग इतक्या दिवसांनी तिला वाचा फुटली.

"सांगायचंस की गं. मी आवळली असती."

  मायाप्पानं धुरपाला घालवली नाही, पण कितीतरी पावसाळे तो तिच्या हातचं पाणी प्याला नाही म्हणतात.

त्याच दिवशी ऊन उतरताना धुरपा लेकीला वाडग्याशी घेऊन गेली. तुळसाला बोलावलं, आपले दोन्ही हात पाठीमागं केले आणि म्हणाली, "बांध गं माजे हात. न्हाईतर मला ऱ्हावणार न्हाई."

सगुणानं काखेतले हात काढले. झाप लावली, दोर गुंडाळला. धुरपानं खांद्यानं धक्का दिला. झाप पडली.

"सुटली," धुरपा म्हणाली. "पुन्हा बांध."

पुन्हा बांधली, पुन्हा पडली. पोरगी रडायला लागली. तिच्या बोटांची सालं निघाली. धुरपाच्या खांद्यात काटे मोडत होते आणि मागं बांधलेले हात दोराला हिसके देत होते. तुळसासारखी तुळसा, पण तिला बघवेना; ती तोंड फिरवून उभी राहिली. कुठल्याशा खेपेला सगुणानं रडत रडतच एक पाय खांबाला लावला आणि दोर धरून सगळं अंग मागं टाकलं. दोर करकरला. धुरपानं धक्का दिला. मग मागं सरून जीव खाऊन दिला. झाप हलली नाही.

शाबास म्हणायला तिची जीभ वळली नाही. "बसली," एवढंच म्हणाली.

त्या वाडग्यात पुन्हा कधी कुणी कोकरू घातलं नाही. सगुणा मात्र सासरी जाईपर्यंत रोज ती झाप बांधायची, आणि धुरपा हात मागं घेऊन उभी राहायची. मरताना धुरपानं वस्तीकडून शब्द घेतला म्हणे: लेकराला काम द्या, चुकलं तर त्याच्या तोंडावर सांगा, पण त्याच्या माघारी त्याच्या कामाला हात लावू नका.

आजही गावातल्या पोराला सहा वर्षं झाली की घरचे त्याला माळावर घेऊन जातात. पोर झाप बांधतं. आई, बाप, आत्या, शेजारपाजार, सगळे हात मागं घेऊन उभे राहतात, आणि बाप खांद्यानं धक्का देतो. सुटली तर कुणी हसत नाही, कुणी गोंजारत नाही, कुणी घरीही जात नाही. पोर रडतं, दोर पुन्हा गुंडाळतं. आईच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीवर येतं आणि तिथून खाली गळतं. ते पुसायला कुणाचाच हात मोकळा नसतो.