मातीचा बैल आणि सात भोकं

नदीवर पूल नव्हता, नावही नव्हती आणि पलीकडे जायचं तर लोक कमरेएवढ्या पाण्यातून जात, तेव्हाची ही गोष्ट. त्या नदीकाठच्या एका गावात सुभाना नावाचा शेतकरी राहायचा. माणूस कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, पण मुलखाचा संशयी. कुणी राम राम केला तर याच्या मनात पहिला विचार यायचा, "आज हा राम राम का करतोय?" शेजारणीने वाटीभर साखर परत केली तरी तो ती बोटाने उकरून बघायचा. असा माणूस सुखाने जेवतो तरी कसा, देव जाणे!

सुभानाच्या घरामागे एक जुना गोठा होता. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, बुटकं दार, एकच खिडकी. तीन वर्षांपूर्वी साथ आली आणि पवळ्या आणि ढवळ्या ही त्याची बैलजोडी चार दिवसांत गेली. तेव्हापासून गोठा रिकामा होता. सुभानाने मात्र त्या रिकाम्या गोठ्यालाही कुलूप लावलं होतं.

सगळ्यात जास्त दुःख झालं ते त्याच्या बायकोला, तानूला. दोन्ही बैल तिने वासरं असल्यापासून वाढवले होते. त्या दिवसापासून ती हसली म्हणून कुणी पाहिलं नव्हतं.

एके दिवशी गावात कोंडाबाई नावाची कुंभारीण आली. मडकी विकणारी नव्हे. ही मातीच्या मूर्ती घडवायची. सोबत एक गाढव आणि दोन पोती. तिने गोठा आतून बाहेरून पाहिला, भिंतीवर थाप मारली आणि सुभानाला म्हणाली, "पाटील, एवढा गोठा मला द्याल का? बेंदराच्या सणाला गावासाठी मातीचा मोठा बैल करीन. बायापोरांना शिकवीन. काम जमलं तर इथंच राहीन, न्हाई जमलं तर माझ्या वाटेनं जाईन."

"रस्त्याकडची नवी पडवी घे की," सुभाना म्हणाला. "चांगली हवेशीर आहे."

"नको. मला ह्योच पायजे."

झालं! सुभानाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हवेशीर पडवी सोडून हिला हाच कोंदट गोठा का हवा? भिंतीवर थाप कशाला मारली? आजोबांच्या तोंडून त्याने कधीतरी ऐकलं होतं, की पूर्वी लोक जनावरांच्या पायाखाली धन पुरून ठेवत. हिला त्याचा सुगावा लागलाय, हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. उकरू दे हिला, सापडलं की आपण आहोतच, असा हिशेब करून त्याने किल्ली दिली.

आणि गोठा बघता बघता जिवंत झाला. गव्हाणीत वैरणीऐवजी माती भिजू लागली. दावणीच्या खुंट्यांना कोरण्या आणि सुतळ्या लटकल्या. दुपारची कामं उरकून बाया येऊ लागल्या, पोरं मातीचे पोपट करू लागली. तानू पहिल्या दिवशी दारातच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने मातीत हात घातला. मोठ्या बैलाचं तोंड कसं असावं, असं कोंडाबाईने विचारलं, तेव्हा तानूने पवळ्याचं तोंड घडवलं. तो डावा कान जरा खाली पाडायचा, तोसुद्धा तसाच. त्या दिवशी तीन वर्षांनी तानू हसली. तेव्हापासून घरी येऊन ती रोज म्हणायची, "अहो, एकदा बघायला तरी चला!"

सुभाना बघायला गेला नाही. ही एवढी हसते कशाला, याचाच तो विचार करत बसला.

वैशाख लागला. पश्चिमेचा गरम वारा सुटला, तशी कोंडाबाईने गोठ्याची खिडकी ओल्या पोत्यांनी बंद केली आणि दार दिवसभर लोटून घेतलं. आतल्या कोपऱ्यात तिने एक खड्डाही खणला. ही बातमी पोरांकडून कळली आणि सुभानाचं डोकं भणभणलं. भर वैशाखात दारं लावून कोण बसतं? आणि खड्डा?

तानू सांगायला लागली, "अहो, ती माती आहे ना, तिला..."

"तुला कुणी विचारलंय?" तो खेकसला. तानूही सामील आहे, अशी आता त्याची खात्री पटली होती.

मग त्याने कोपऱ्यात पडलेली, बैल हाकायची टोकदार पराणी उचलली. दुपारी सगळं गाव डोळे मिटून पडलं होतं. हा गोठ्यामागे, निवडुंगाच्या आड गेला आणि भिंतीला अंगठ्याएवढं भोक पाडून त्याला डोळा लावला. काय दिसलं? मातीच्या बैलाची पाठ! मोठा बैल नेमका त्याच भिंतीला लागून उभा होता. सुभानाने हातभर बाजूला दुसरं भोक पाडलं. तिथून बैलाचा मागचा पुठ्ठा दिसला. दुसऱ्या दिवशी तिसरं, मग चौथं. पाचव्यातून खड्ड्याची कड दिसली. कोंडाबाई त्यात काहीतरी ओल्या फडक्याने झाकत होती. सुभानाच्या तोंडाला पाणी सुटलं. नीट दिसावं म्हणून त्याने आणखी दोन पाडली.

इकडे बैलाच्या मानेवर केसाएवढी चीर पडली. कोंडाबाईने ती लिंपली. दुसऱ्या दिवशी पाठ तडकली. तिने माती बदलली, भुसा वाढवला, पोती दिवसातून चारदा भिजवली. तरी चिरा वाढतच होत्या. "मलाच जमलं न्हाई का गं?" तानू रडकुंडीला येऊन विचारायची. सुभाना हे भोकातून ऐकायचा आणि मनात म्हणायचा, काय सोंग करतात दोघी!

शेवटी एका दुपारी बैल मानेपासून पोटापर्यंत उकलला आणि पवळ्याचं ते तोंड जमिनीवर पडून फुटलं.

कोंडाबाईने खुंट्यांवरच्या कोरण्या काढल्या. मग तिने पोती भरली. "तुझा हात चांगला आहे, तानू," ती म्हणाली. "ही जागाच माती धरत न्हाई. माझा अंदाज चुकला." वाटेत सुभानाने गाढव अडवून दोन्ही पोत्यांत कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. कोरण्या आणि फडकी, बस्स.

म्हणजे धन अजून आतच! तो धावत गोठ्यात गेला आणि खड्डा उपसायला लागला. हात हात खोल गेला. माती निघाली, मुरवत ठेवलेली लोण्यासारखी मऊ माती, आणि तळाशी पुन्हा मातीच.

तानू तोंडाचे तुकडे वेचायला आली होती. भिंतीजवळ वाकली, तशी तिच्या गालाला वाऱ्याची गरम झळ लागली. तिने भिंतीवरून हात फिरवला. एक भोक लागलं, दुसरं लागलं, सातही लागली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"ओल्या मातीला वारं लागलं की ती तडकते," ती म्हणाली. "म्हणून दार लावत होतो. म्हणून तर जाड भिंतीचा गोठा मागितला होता. अहो, मी रोज चला म्हणत होते. दार नुसतं लोटलेलं होतं."

सुभानाला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्याने भोकं बुजवली आणि तो नदी ओलांडून कोंडाबाईला बोलवायला गेला. तिने पलीकडच्या गावात एक कोठार धरलं होतं. ती आली नाही. मग त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या कारागिरांना सांगायला सुरुवात केली, "गोठा घ्या, फुकट घ्या." कारागीर आत डोकावायचे, लिंपलेल्या भिंतीकडे बघायचे आणि एकमेकांना म्हणायचे, "फुकट देतोय? मग नक्कीच काहीतरी असणार." आणि निघून जायचे.

बेंदराला गावाने मातीचे बैल पलीकडून आणले. तानूने त्यांची पूजा केली, नैवेद्य दाखवला. पण मातीत तिने पुन्हा कधी हात घातला नाही.

तात्पर्य : जे दार लोटून विचारता येतं, त्यासाठी भिंतीला भोक पाडू नये, त्या भोकातून खरं काही दिसत नाही, आतलं चांगलं मात्र तडकून जातं.