राजवाड्याचं दार

एक होतं नगर, आणि त्या नगरातल्या राजवाड्याला दारच नव्हतं. हसू नका, खरंच नव्हतं. नुसती मोठी चौकट, आणि आत राजा.

का नव्हतं, ते ऐका. फार पूर्वी तिथे एक दुष्ट राजा होता. त्याच्या राजवाड्याला जाडजूड दार होतं. गाऱ्हाणं घेऊन जो आत जायचा, तो पुन्हा दिसायचा नाही. मग एकदा लोक चिडले. सगळे मिळून गेले, दार फोडलं, राजाला हाकलून दिलं. दाराची एकेक फळी एकेका घरानं नेली. मग सगळ्यांनी ठरवलं, यापुढे राजा असेल, पण त्याच्या घराला दार नसेल. कुणीही उठावं, आत जावं आणि म्हणावं, "राजा, तुझं चुकलं." राजा जेवत असला, तर त्यानं हातातला घास खाली ठेवायचा आणि म्हणायचं, "बसा, बोला."

त्या नगरात चिमा नावाची एक बाई होती. तिच्या घरी आलेल्या त्या दाराच्या फळीचा पाट झाला होता. चिमाचा नवरा केरू रोज त्या पाटावर बसून जेवायचा. केरू होता पाथरवट. जाती घडवायचा, पाटे घडवायचा. हात जड आणि जीभ त्याहून जड. दर बाजाराच्या दिवशी तो राजाकडे जायचा आणि म्हणायचा, "राजा, आमच्या आळीची विहीर गाळानं भरलीय आणि तुझ्या बागेत कारंजं उडतंय. कसं काय?" मग राजा घास खाली ठेवायचा. मग गाळ निघायचा. चिमा म्हणायची, "अहो, जरा गोडीनं बोलावं." केरू म्हणायचा, "का गं? तो काय माझा जावई आहे?"

मग तो राजा वारला आणि नवा राजा आला. हा मोठा गोड, बरं का. पोरांचे गालगुच्चे घ्यायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. एक दिवस तो स्वतः घरोघर गेला. राजा आपल्या उंबऱ्यात, असं कधी झालंच नव्हतं! म्हणाला, "आई, पडसं झालंय हो. चौकटीतून वारा येतो. एक पडदा लावू का?" आणि त्या लोकांची रीत अशी, की दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. बायका म्हणाल्या, "अगंबाई, लाव की, लेकरा!" पडदा लागला. मग आत जायच्या आधी हाक मारावी लागली.

मग राजा दुसऱ्यांदा आला. "पडदा उडतो हो. तुमच्या जुन्या फळ्या द्या, एकच कवाड लावतो. दुसरी बाजू उघडीच." अर्ध्या घरांनी आपल्या फळ्यांना हळदकुंकू लावलं आणि वाजतगाजत नेऊन दिल्या. कवाडाशी शिपाई उभा राहिला.

मग राजा तिसऱ्यांदा आला. "एका कवाडाचं दार बरं दिसतं का? दुसरंही लावू." उरलेल्या घरांनी फळ्या दिल्या. केरूनं दिली नाही. शेजारी म्हणाले, "केरू, पाटच तर आहे! दुसरा करशील." केरू तसाच उठला आणि राजवाड्यात गेला. "राजा, तुझं चुकलं," म्हणाला.

राजा जेवत होता. त्यानं घास खाली ठेवला नाही. खाता खाता म्हणाला, "बसा."

बोला म्हणाला नाही, बरं का. नुसतं बसा.

केरू जेवायला घरी आला नाही. चिमा धावत गेली. कवाडात एका फळीची फट उरली होती. तिनं फटीतून पाहिलं. केरू आत जमिनीवर बसला होता. तिला पाहून त्यानं नुसती मान हलवली, नको म्हणून. तेवढ्यात फटीशी राजा आला. "वहिनी, काळजी कशाला? भाऊ बसलेत निवांत. पण फटीतून वारा येतो हो. तेवढी फळी द्या. मग दार उघडलं, की भाऊ घरी."

चिमा घरी आली. तिनं पाट उचलला. तर काय झालं? पाट बोलला! "चिमे, मला नेऊ नकोस. मी तिथल्या हाका ऐकल्यात." चिमानं ते शेजारणींना सांगितलं. शेजारणी म्हणाल्या, "लाकूड कधी बोलतं का? एका पाटापायी नवरा घालवतेस?" चिमा निघाली. विहिरीपाशी पाट पुन्हा म्हणाला, "अजून माघारी फीर." तिला केरूची हललेली मान आठवली. ती थबकली. पण जेवणाची वेळ कधीच टळली होती, आणि केरू उपाशी होता. ती चालत राहिली. राजवाड्यापाशी पाट बोलला नाही. नुसता ओला झाला, माणसाला घाम फुटतो तसा.

चिमानं पदरानं तो पुसला आणि दिला.

सुतारानं फळी बसवली. फट बुजली. दार लागलं. चिमा बाहेर उभी राहिली.

"राजा, केरूला सोड!"

आतून गोड आवाज आला, "सोडणार तर, वहिनी. दार उघडलं, की लगेच."

चिमा वाट बघत राहिली. तिनं लोकांना हाका मारल्या. "चला, सगळे मिळून दार फोडू!" लोक म्हणाले, "हळू बोल, बाई." मग त्यांनी आपापल्या घराच्या खिडक्याही लावून घेतल्या.

मग राजानं दवंडी पिटवली. "ऐका हो ऐका! नगरात सगळे सुखी आहेत!" रोज सकाळी दवंडी, रोज संध्याकाळी दवंडी. कुणी कुणाला भेटलं, की हेच म्हणायचं. न म्हणणारा दिसेनासा व्हायचा. चिमानं कितीतरी दिवस कुणाला भेटायचंच टाळलं. दारापाशी जाऊन बसायची, लाकडाला कान लावायची. आत फार माणसं झाली होती. त्यांत केरूचा आवाज कुठला, ते कळेना.

एक दिवस शेजारणीनं विचारलं, "चिमे, बरी आहेस ना?" बाजूलाच शिपाई उभा होता. चिमानं दाराकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"सुखात आहे हो," चिमा म्हणाली.

तर असे त्या नगरात सगळे सुखानं राहू लागले. झाली गोष्ट. निजा आता, बाळांनो. आणि बोलू नका.